अडीच ते सहा

१२ जानेवारी

ताई,

मायना काय घालावा याचा विचार करण्यातच अर्धा तास गेला. एकोणतीस वर्षांनी लिहायचं तर 'प्रिय' की 'तीर्थरूप'? शेवटी नुसतं ताई लिहिलं. पत्ता जुनाच घातलाय. तू काही घर बदलणारी नव्हेस, एवढ्याच भरवशावर.

कागद बघून हसू नकोस. दुरेघी वहीचा आहे, दुसरीच्या मुलांचा. मी आत्ता एका शाळेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसले आहे. शाळा अडीचला सुटते. ज्यांचे आईबाप सहापर्यंत कामावर असतात, ती मुलं घरी जायच्या ऐवजी इथे येतात. थोडा अभ्यास, थोडा खेळ, मग ज्याचं त्याचं माणूस आलं की वहीत सही घ्यायची आणि मूल सोडायचं. सगळे याला केंद्र म्हणतात. चालवणारी एक तिशीतली मुलगी आहे, ती आमची मॅडम. बाकी कामाला आम्ही म्हातारे. आयुष्यभर शहरातली बस चालवलेले एक ड्रायव्हरकाका आहेत, ते गणितं घेतात आणि हॉर्नचा आवाज काढून मुलांना रांगेत उभं करतात. मी वाचन घेते. लग्नाआधी दोन वर्षं शिशुवर्गावर होते ना मी, तेवढी शिदोरी पुरते आहे.

सप्टेंबरपासून येतेय. मॅडमनी मला आमच्या इमारतीच्या जिन्यात विचारलं, चार शेजारी उभे होते, हेही होते. चार लोकांत ह्यांना नाही म्हणता येत नाही. 'अवश्य, तिलाही विरंगुळा,' असं म्हणाले. झालं. त्या दिवसापासून अडीच ते सहा माझे.

माझ्याकडे एक मुलगी आहे, तिला मी चिमणी म्हणते, कारण ती वाचते ते तिच्या स्वतःच्याही कानापर्यंत पोचत नाही. जोडाक्षर आलं की थांबते आणि माझ्याकडे बघते, जणू मी वाटेत मुद्दाम दगड ठेवलाय. दुसरी आहे ती तिच्या अगदी उलट. ड्रायव्हरकाकांनी तिचं नाव तुफान ठेवलंय. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, 'आजी, तुम्ही नापास झालात म्हणून परत शाळेत आलात का?' मी हो म्हणाले. तेव्हापासून ती मला सांभाळून घेते.

ह्यांची तब्येत उत्तम. मुलगा लांब असतो, रविवारी फोन करतो. फोन घरात एकच आहे आणि तो ह्यांच्या खिशात असतो. आधी हे सगळं सांगून घेतात, मग मी 'बरी आहे' म्हणते.

उत्तर द्यावंसं वाटलं तर घरी नको, केंद्राच्या पत्त्यावर टाक. त्या शेवटच्या पत्राबद्दल आज काही लिहीत नाही. अक्षर माझं होतं, एवढं तुला ठाऊकच आहे.

तुझी धाकटी


३ फेब्रुवारी

ताई,

सात ओळी. मोजल्या नाहीत म्हणणार होते, पण मोजल्या. मॅडमनी पाकीट हातात दिलं तेव्हा मी पोरांचे पेले विसळत होते. ओल्या हातांनीच फोडलं, म्हणून तुझी सही पसरली आहे.

तुझा गुडघा दुखतो हे वाचून बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं, पण माझाही डावाच दुखतो.

तू विचारलंस, अजून तसंच आहे का. आता वय झालं गं. या वयात सगळंच निवतं.

इथलं सांगते. केंद्रात प्रत्येकाला एक खुंटी आहे. मुलांनी वर चित्रं चिकटवली आहेत, कुणाला ससा, कुणाला विमान. मला कासव मिळालं. कासव का, म्हणून विचारलं तर तुफान म्हणाली, 'ते डोकं आत घेतं ना, तुमच्यासारखं.' पोरं काय वाटेल ते बोलतात. पण तुला खरं सांगू, माझ्या मालकीची म्हणावी अशी ती पहिलीच खुंटी. पिशवी लावताना रोज बरं वाटायचं.

मागल्या मंगळवारी हे केंद्रात आले. माझा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला. मला वाटत होतं मी तो पिशवीत ठेवला होता, पण नसेल ठेवला. आले ते चार वाजता आणि निघाले सहाला. तेवढ्यात खिडकीची अडकलेली कडी बसवून दिली, काड्यापेटीच्या काड्यांची कोडी घातली, मुलं नुसती गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशी. तुला आठवत असेल, बाहेर ह्यांच्यासारखं माणूस नाही. कचेरीतसुद्धा हेडक्लार्क असून शिपायाला स्वतःच्या हाताने पाणी द्यायचे. मॅडम मला म्हणाल्या, आजी, तुम्ही हा खजिना घरात लपवून ठेवला होता. आणि सगळ्यांच्या देखत ह्यांना विचारलं, रोज याल का.

चार लोकांत ह्यांना नाही म्हणता येत नाही हे तुला लिहिलंच आहे.

सोमवारपासून हे रोज येतात. येता-जाता सोबत झाली. कासवाच्या खुंटीवर आता ह्यांची टोपी असते. माझी पिशवी काय, खुर्चीच्या पाठीलाही राहते.

तुझी धाकटी


२१ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, तुझे दुसरे पत्र पावले. वाचून आम्हा उभयतांस आनंद झाला. येथील सर्व क्षेम आहे. आम्ही दोघेही मुलांच्या सहवासात समाधानाने दिवस घालवीत आहोत. केंद्रातील मंडळी आम्हास आदर्श जोडपे म्हणतात व तसा आमचा फोटोही फलकावर लावला आहे.

माझी स्मरणशक्ती अलीकडे थोडी दगा देते. तरी आधीच्या पत्रांतून काही कमीजास्त लिहिले गेले असल्यास ते मनावर घेऊ नये. यापुढे पत्रे घरच्याच पत्त्यावर पाठवावीत, म्हणजे गहाळ होणार नाहीत. ह्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी धाकटी बहीण


४ मार्च

ताई,

मागचं पत्र तू ओळखलंच असशील. तसा मायना मी शाळेत असतानाही घातला नव्हता.

झालं असं, की केंद्राच्या कार्यालयातली आवराआवर ह्यांनी अंगावर घेतली. त्यात टपालही आलं. तुझं दुसरं पत्र मला घरी मिळालं, जेवणाच्या टेबलावर, उघडलेलं. चुकून फोडलं गेलं म्हणाले. रागावले मुळीच नाहीत. 'लिही की बहिणीला, मी कधी नाही म्हटलंय?' असं म्हणून समोर खुर्ची घेऊन बसले आणि सांगत गेले. एकोणतीस वर्षांत एवढाच फरक पडला, की तेव्हा मी रडत लिहिलं होतं आणि आता शुद्धलेखन सांभाळून.

हे आत्ताचं मी मोरीत उभी राहून लिहितेय, ओट्यावर कागद ठेवून. पेले विसळायचं काम माझ्याकडेच आलंय. नळ चालू ठेवला की बाहेर वाटतं काम चाललंय. पाकीट ड्रायव्हरकाका टाकतील. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त कोपऱ्यावर स्वतःच्या घरचा पत्ता लिहून दिला. उत्तर तिथेच पाठव.

तुला वाटेल, केंद्रात काय त्रास असणार, सगळे असतात. तीच तर गंमत आहे. मी वाचायला घेतलं की शेजारच्या टेबलावरून हे म्हणतात, 'मुलांनो, आजीला मोठे शब्द विचारू नका हं, तिची गाडी घाटात बंद पडते.' मुलं हसतात, मॅडम हसतात, मीही हसते. फळ्यावर लिहायला उठले की हातातून खडू काढून घेतात, अगदी हळुवार, जणू लहान मुलाच्या हातातून सुरी. बघता बघता वाचनाचा गट ह्यांच्याकडे गेला. माझ्याकडे पेन्सिलींना टोकं काढणं आणि हे पेले. घर होतंच, आता केंद्रही घरच झालं.

मॅडमनी मागच्या आठवड्यात मला बाजूला घेतलं. वाचनाचा वर्ग जुलैपासून पगारी करायचा आहे, रोज पूर्ण वेळ, तुम्ही घ्याल का म्हणाल्या. मी तोंड उघडेपर्यंत मागून हे म्हणाले, 'तिला रक्तदाब वगैरे आहे, तिला नाही झेपायचं. पण विचारलंत, बरं वाटलं.' मी विसळलेल्या पेल्यांचा ट्रे धरून उभी होते. मला रक्तदाब नाही, ताई. पण मी तेही म्हणाले नाही.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. हो, तसंच आहे. हात उगारत नाहीत, कधीच उगारला नाही. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे बाही असते तिथे, कातडी बोटांत धरून पिळायची. चेहरा हसरा. मीही हसायचं, कारण नाही हसले तर आणखी पिळतात. तू त्या दिवशी घरी आली होतीस आणि मी वरचा डबा काढताना तुला डाग दिसला, तो हाच. 'पायात चपला घाल आणि चल,' म्हणालीस. मी म्हणाले, गॅसवर दूध आहे. त्या दुधाची मला पुढे कितीतरी वर्षं लाज वाटत होती.

आणि ते पत्र. ते ह्यांनी सांगितलं, मी लिहिलं, हे तू ओळखलं असशील आणि मला माफही केलं असशील. म्हणून उरलेलं सांगते. शेवटचं वाक्य ह्यांचं नव्हतं. 'तुला मूल नाही, तुला संसार काय कळणार,' हे मी माझ्या मनाने घातलं. वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनी मान डोलावली, आणि तो आठवडा माझ्या अंगाला हात लागला नाही. एका आठवड्यासाठी मी तुला विकलं.

नळ बंद करते. मुलं पाणी मागतायत.

तुझी धाकटी


२६ मार्च

ताई,

तुझं पत्र ड्रायव्हरकाकांनी गणिताच्या वहीत घालून दिलं. ते वाक्य माझंच आहे हे तुला तेव्हाच कळलं होतं, असं तू लिहिलंस. 'मला नेमकं कुठे दुखतं ते त्याला कुठे माहीत होतं? ते तुला माहीत होतं.' म्हणजे एकोणतीस वर्षं तू ह्यांच्यावर नाही, माझ्यावर रागावलेली होतीस. आणि मी इकडे समजत होते की ताई बिचारी, तिला खरं कळलं तर. ते पान मी चार वेळा वाचलं आणि फाडून मोरीत सोडलं. खाली एका ओळीवर एकच शब्द होता, 'ये'. तो फाडला नाही.

येणार कशी? इथे काय झालंय ते ऐक.

सोमवारी हॉलमध्ये मुलं घर-घर खेळत होती. मी पुस्तकांच्या कपाटामागे बसून फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालत होते, त्यांना मी दिसत नव्हते. तुफान खुर्चीवर बसली होती, नाकाखाली कागदी मिशी. चिमणी तिच्या बाजूला, खांद्यावर फळा पुसायचं फडकं. तुफान आवाज जाड करून म्हणाली, 'आजी, तुम्हाला कोणी विचारलं?' बाकीची पोरं हसली. तेव्हा ती आमची चिमणी, जिचा आवाज मला कधी नीट ऐकू आला नाही, ती स्वच्छ आवाजात म्हणाली:

'असं नाही. आधी सगळे हसतात. मग तू चिमटा काढायचा, टेबलाखालून. आणि मी हसायचं.'

तुफानने काढला. ती काही अर्धवट करणारी मुलगी नव्हे. चिमणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तोंडावर हात ठेवून ती हसली. तीन तुकड्यांत, वरून खाली, जिना उतरल्यासारखं. ते माझं हसू होतं, ताई. चव्वेचाळीस वर्षं मी ते हसतेय आणि कसं ऐकू येतं ते मला आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून कळलं.

मी समजत होते झाकली मूठ आहे. सगळ्या हॉलला माहीत होतं, फक्त मोठ्यांना नव्हतं.

आता वाईट ते सांगते. मी उठले नाही. पुस्तकाला कव्हर घालत राहिले. कव्हर उलटं बसलं, ते काढलं आणि पुन्हा घातलं.

दुसऱ्या दिवशी चिमणीची आई आली. पोरीच्या दंडावर काळानिळा डाग. मॅडमनी घटनांच्या वहीत नोंद केली, मुलींना विचारलं. तुफान म्हणाली, आम्ही खेळत होतो, आणि पुढे गप्प. चिमणी तर हाताची घडी तोंडावर बोट. कुठला खेळ, कोण काय झालं होतं, दोघीही सांगत नाहीत. मी एकदा चिमणीला एकटीला गाठलं, तर तिने फक्त मान हलवली आणि दारात हे उभे होते तिकडे पाहिलं. ती मला सांभाळतेय, ताई.

आणि हे काल सगळ्या स्वयंसेवकांसमोर म्हणाले की एका नासक्या आंब्याने अढी नासते, त्या मुलीचं नाव केंद्रातून काढलेलं बरं. बहुतेकांना पटलं. तुफानच आहे ना ती, नावातच सगळं आलं. तिची आई शिवणकारखान्यात सहापर्यंत मशीनवर असते, घरी दुसरं कोणी नाही. ती मॅडमना म्हणाली, केंद्र सुटलं तर पोरीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जावं लागेल.

उद्या दुपारी बैठक आहे. दोन्ही आया, मॅडम, ड्रायव्हरकाका आणि हे. मला बोलावलेलं नाही.

तुझी धाकटी


२७ मार्च

ताई,

बैठक आत्ताच संपली. मी मोरीतच आहे. हे बाहेर बाकावर माझी वाट बघत बसलेत. ड्रायव्हरकाका दाराशी उभे आहेत, लिहून होईपर्यंत हलणार नाहीत म्हणाले. तेव्हा भराभर लिहिते.

मी चहा घेऊन आत गेले होते. बोलावलेलं नव्हतं तरी चहा लागतोच. हे बोलत होते, शांतपणे, एकेक शब्द तोलून. मूल घरात बघतं तेच करतं, असं ते तुफानच्या आईला समजावत होते. तिची नजर फरशीवर. कामावरची निळी टोपी हातात घेऊन ती चुरगळत होती आणि म्हणत होती, घरात आम्ही दोघीच असतो हो, कोण कुणाला मारणार. हे म्हणाले, मारलंच पाहिजे असं नाही, ताई, मुलं सूक्ष्म गोष्टी टिपतात.

त्या बाईला ह्यांनी ताई म्हटलं. का कोण जाणे, तिथे माझ्या हातातला ट्रे थांबला.

मी तो टेबलावर ठेवला. उभीच राहिले, बसले असते तर जमलं नसतं. म्हणाले, 'चिमटा त्या मुलीचा नव्हता. त्या आजी-आजोबा खेळत होत्या. चिमटा ती ह्यांच्याकडून शिकली, आणि दुसरी हसायला शिकली ती माझ्याकडून.'

कोणाला काही समजलं नाही. मग मी बाही वर केली. बुधवारचा होता, ताजा.

हे उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मॅडमना म्हणाले, 'हिचं हल्ली असं होतं. विसरते, कशावर आपटते, मग काहीतरी जुळवते. मी मुद्दाम कुठे बोललो नव्हतो.' आवाज इतका दुःखी, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच आपटले असेन का. मॅडमनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला दिसलं की त्यांना ह्यांचं खरं वाटावंसं वाटतंय. त्यांचा दोष नाही. ते सोपं होतं.

मग ड्रायव्हरकाका बोलले. खाली बघूनच. 'मी पाहिलंय. दोनदा. टेबलाखाली. नवराबायकोचं म्हणून गप्प बसलो.'

एवढंच. तुफानचं नाव राहिलं. चिमणीची आई उठून तुफानच्या आईजवळ जाऊन बसली. आणि मॅडमनी, पांढऱ्या पडल्या होत्या बिचाऱ्या, नियम सांगितला: मुलांच्या समोर असं काही घडलं असेल तर समिती बसेपर्यंत दोघांनीही केंद्रात यायचं नाही. दोघांनीही. मलाही. समिती वीस एप्रिलला.

म्हणजे मी बोलले आणि माझे अडीच ते सहा गेले.

आता हाक मारतायत. चल ना गं, उशीर होतो, म्हणतायत. आवाज अगदी गोड आहे.


१८ एप्रिल, शनिवार

ताई,

अक्षर हललंय, कारण बसमध्ये लिहितेय.

तीन आठवडे तुला काही कळवता आलं नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं असेल म्हणून तू जीव मुठीत धरून बसली असशील. काहीच झालं नाही. त्या दिवसापासून ह्यांनी माझ्या अंगाला बोटही लावलेलं नाही. सकाळी चहा करून हातात देतात. जिन्यात शेजारी भेटले की हळू आवाजात सांगतात, तिला विस्मरणाचा त्रास सुरू झालाय, जरा सांभाळून घ्या. शेजारी मला बघून मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागलेत. रविवारी फोन माझ्या कानाला लावला तर मुलगा म्हणाला, आई, बाबा तुझं किती करतात, डॉक्टरांना एकदा दाखवून घे. मी बरी आहे म्हणाले. तो म्हणाला, तू नेहमी असंच म्हणतेस.

डॉक्टरांची वेळ वीस तारखेला साडेबाराची घेतली आहे. समितीही तेव्हाच. योगायोग म्हणे.

दाराला कुलूप नव्हतं, ताई. हे मला लिहायलाच हवं. तुफानच्या आईचं ऐकून मी कितीदा विचार केला, त्या पोरीला निदान कुलूप तरी असलं असतं. आमचं दार दिवसभर उघडं असायचं. मी रोज दोन वाजता तोंड धुऊन, केस विंचरून, पिशवी घेऊन त्या दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसायचे. अडीच व्हायचे. सहा व्हायचे. मग पिशवी ठेवायचे आणि भाजी चिरायला घ्यायचे. कोणी अडवत नव्हतं. मला तुझा राग आता कळतो. मलाही माझा यायला लागलाय.

काल चिमणीची आई आली होती. दाराशी ह्यांनीच गाठलं, ती झोपली आहे म्हणाले. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होते, हातात फणी. ती बाई जाता जाता थांबली आणि माझ्याच दिशेने बघत, ह्यांना म्हणून सांगत, नीट मोठ्याने म्हणाली, 'त्यांना सांगा, ती आता जोडाक्षरावर थांबत नाही. पण मोठ्याने वाच म्हटलं की म्हणते, आजी आल्यावर.' ह्यांनी सांगतो म्हटलं. सांगितलं नाही.

आज सकाळी हे पेपर वाचत बसले होते. मी पिशवीत दोन कपडे घातले, चपला घातल्या आणि म्हणाले, 'मी ताईकडे जाते.' वर न बघता म्हणाले, 'जा की. तुला कोण अडवतंय?'

मी जिना उतरले. गुडघा, त्यामुळे एकेक पायरी. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, आता मागून हाक येईल. आली नाही. खाली पोचले, रस्ता ओलांडला, पलीकडे चिमणीच्या आईशी दोन शब्द बोलले, बस आली, चढले. हाक आलीच नाही. ताई, मला त्याचंही वाईट वाटलं. हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगू? चव्वेचाळीस वर्षं ज्याला भ्यायले, त्याने मान वर करून बघितलंही नाही. एक तर त्यांना खात्री आहे की मी संध्याकाळी परत येईन, नाहीतर आणखी काही. मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मी संध्याकाळी परत जाणार नाही याची मलाही खात्री नाही. आतापर्यंत पाच थांबे गेले. प्रत्येक थांब्यावर मी उठले आणि परत बसले. शेजारची बाई म्हणाली, आजी, तुम्हाला नक्की कुठे उतरायचंय?

हे टपालात टाकायला वेळ नाही, म्हणून हातानेच देईन. तू दारात उभ्या उभ्या वाच, मी फाटकाबाहेर थांबते. मला दोन रात्री हव्यात. सोमवारी मी एकटी समितीसमोर जाणार आहे. डॉक्टरांना वाटेल तेव्हा दाखवता येईल, मला काय आठवतं ते मी त्यांना तारीखवार सांगेन. समितीने घेतलं तर वाचनाचा वर्ग मी घेणार आहे, पूर्ण वेळ. नाही घेतलं तर चिमणीच्या घरी जाऊन तिचं ऐकेन, तिच्या आईला मी तसं आज जाता जाता सांगून आले. सोमवारनंतर राहायचं कुठे, ते मला माहीत नाही. तुझ्या 'ये' मध्ये किती दिवस बसतात ते मी विचारणार नाही.

त्या वाक्याची माफीही मागणार नाही. ती मागून मिळण्यातली नाही. फक्त, आत घ्यायचं नसेल तर तोंडाने सांगू नकोस. कागद घडी करून परत दे, मी समजेन.

कंडक्टर म्हणतोय, तुझ्या गल्लीचा थांबा पुढचाच. लिहायचं बंद करते. पिशवी खांद्याला लावून आत्तापासूनच दारापाशी जाऊन उभी राहते, म्हणजे बसायला जागाच राहणार नाही.